पालथी, उताणी

फळ्यावर मी लिहिलं : छापा, एक छेद दोन.
मंगळवेढ्याहून बदली होऊन बुरोंडीला आलो, तेव्हापासून
दर वर्षी हेच लिहितो आहे, आठवी ब-च्या वर्गात,
खिडकीतून वाळत घातलेल्या बोंबलांचा वास येत असताना.
दोन बाजू, दोघींना सारखी संधी,
नाणं कुणाचा पक्ष घेत नाही.
हे लिहायला खिशातून नाणं काढावंही लागत नाही.

यंदा काढलं.
बत्तीस मुलं, प्रत्येकी वीस फेकी,
वहीत ताळ्याच्या खुणा, चार उभ्या
आणि पाचवी आडवी, जुडी बांधल्यासारखी.
चिल्लर इतकी वाजली की मुख्याध्यापक दारात :
जुगार चाललाय का, गुरुजी?
संभाव्यता, म्हटलं. ते गेले.

हर्षदा चोगलेला वीसात सहाच छापे.
"सर, बाकीचे चार कुठायत?"
लिलावात टोपली हलकी लागली
की तिची आई ज्या आवाजात विचारते, तोच.
थांब, म्हटलं, सगळ्यांचं एकत्र करू.
एकट्याच्या वीस फेकी म्हणजे ओंजळीतलं पाणी,
त्यात भरती-ओहोटी दिसत नाही.

तीनशे सतरा छापे. तीनशे बावीस काटे.
अर्ध्याच्या इतक्या जवळ की मलाच हसू आलं,
जणू मीच काही केलं होतं.
पण बेरीज सहाशे एकोणचाळीस.
एक फेक कमी.
सुफियान परकार बाकाखाली ओणवा :
त्याचं नाणं फरशीच्या भेगेत ताठ उभं.
"काय लिहू, सर?"
माझ्या फळ्यावर तिसरा रकाना नव्हता.
लिही, म्हटलं. उभं : एक.

दुसऱ्या दिवशी हर्षदाने टेबलावर शिंपली ठेवली.
रात्रीच्या कालवणातल्या तिसरीची, धुतलेली,
तरी हळदीचा डाग राहिलेली.
"हिलापण दोनच बाजू. पालथी नि उताणी.
मग अर्धं-अर्धं?"
मागचे बाक एका सुरात, हो.
मीही हो म्हणायला तोंड उघडलं,
आणि मिटलं.

एकच शिंपली, बत्तीस हात, प्रत्येकी दहा.
सुट्टीतली खिचडी गार झाली.
तीनशे वीसात दोनशे एकोणीस पालथ्या,
शंभराला अडुसष्ट.
शुक्रवारी पुन्हा केलं. सदुसष्ट.
नाण्याचं उत्तर फेकण्याआधी सांगता येतं;
शिंपलीचं शिंपलीलाच विचारावं लागतं,
पुन्हा पुन्हा, हात दुखेपर्यंत.
शक्यता दोन असल्या
म्हणून त्या एका वजनाच्या नसतात.
हे पुस्तकात होतं का?
असेल. इतकी वर्षं मी ते नुसतं वाचलं होतं.

मग तिने वहीचं शेवटचं पान उघडलं.
नारळी पौर्णिमेपासूनच्या जुड्या :
बापाची होडी, भरून; बापाची होडी, रिकामी.
साठ खेपांत एकेचाळीस भरून.
भागाकारही केलेला, पेन्सिलीने,
एकदा चुकून, खोडून, पुन्हा.
"मग उद्या काय होईल?" मी विचारलं.
मास्तरकीची खोड.
ती हसली नाही.
"उद्याचं कसं सांगू, सर?
शंभर उद्यांचं विचारा."

घंटेनंतर फळा पुसला.
एक छेद दोन तेवढं राहू दिलं,
आणि शेजारी, बारीक अक्षरात, अडुसष्ट.

नाणं अजून भेगेतच आहे.
गुणाजी शिपाई झाडताना तिथे येऊन थांबतो,
झाडू उचलतो,
पलीकडे टेकवतो.